तळहातात राहिलेला निरोप

बस सुमेधा, पंख्याची वाट बघू नकोस. आमच्या गल्लीत बत्ती गेली की तास-दीड तास येत नाही. कंदील लावलाय, हातपंखा त्या कोनाड्यात आहे, आणि तुझे बाबा तुला न्यायला येईपर्यंत माझं सांगून होईल. आत कोण बोलतंय म्हणून विचारलंस ना आत्ता? शेजारचा टीव्ही असेल. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू सरळ विचारलंस ते मला आवडलं. बाकीचे मागे कुजबुजतात. आत्या फोन डाव्या हाताने धरते, आशीर्वादाला डावा हात ठेवते, उजव्या हाताची मूठ उघडत नाही. तुझ्या लग्नात मी डाव्या हाताने अक्षता टाकल्या तेव्हा तुझ्या सासूबाईंनी असं नाक मुरडलं होतं की ते सरळ होतंय की नाही याची मलाच काळजी लागली. कुणी म्हणतं भाजलंय, कुणी म्हणतं कोड आहे. काही नाही गं. हा बघ हात, स्वच्छ आहे. बघ, पण लांबूनच.

नव्वद सालचा मे महिना. बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, डब्यात मुगाचं कढण भरून मी दवाखान्यात निघाले होते. तुझ्या बाबांचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, बिंदुमाधवचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. खडे निघाले होते, टाके कोरडे होते. आदल्या दिवशी बिंदू मला म्हणाला होता, "ताई, आपला बनारसी लंगडा आंबा बाजारात यायच्या आत मला घरी ने, नाहीतर सगळे तूच खाशील." तू तेव्हा शरदिनीच्या पोटात होतीस, सातवा महिना. म्हणून तिला दवाखान्यात येऊ दिलं नव्हतं आणि बिंदूजवळ बसायला मी होते. ऑपरेशनच्या कागदावर जबाबदार नातेवाईक म्हणून सहीसुद्धा माझीच होती. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

डबा घेऊन पोचले तर बिंदू तापाने फणफणलेला. मला ओळखलं, पण हसला नाही. डॉक्टरांनी टाके तपासले, पू कुठे साठलाय का ते पाहिलं. काही नव्हतं. ताप उतरेना. दुसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला, सुई टोचली होती तिथून रक्त पाझरायला लागलं आणि ते थांबेना.

नागपूरकडची एक तरुण डॉक्टर नुकतीच तिथे आली होती, विद्युल्लता नावाची. नावासारखीच होती. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन ती बिंदूच्या चेहऱ्यावर वाकली आणि बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ओठाच्या कोपऱ्यात तीन बारीक फोड होते, ताप येऊन गेल्यावर येतात तसे.

"कालिंदीताई," ती मला बाहेर घेऊन म्हणाली, "हे फोड आणणारा विषाणू आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात आयुष्यभर झोपून असतो. काही करत नाही. पण लाखात एखाद्याच्या बाबतीत, ऑपरेशनने शरीर थकलं की तो उठतो आणि लिव्हरमध्ये शिरतो. यांचं लिव्हर झपाट्याने खलास होतंय."

"पण कावीळ कुठे आहे? डोळे तर पांढरेशुभ्र आहेत."

"म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. माझी खात्री नाही, पण थांबून खात्री करण्याइतका वेळही नाही. एक इंजेक्शन आहे. बनारसमध्ये मिळत नाही. दिल्लीत मिळेल. ते आलं तर आशा आहे."

"आणि नाही आलं तर?"

तिने रिपोर्टची घडी घातली आणि उलगडली.

मी एसटीडीच्या बूथवरून बिंदूच्या मित्राला, प्रल्हादला फोन लावला. तो मुगलसरायला रेल्वेत होता. ऐकल्या ऐकल्या तो दिल्लीच्या गाडीत बसला. जायला एक रात्र, शोधायला एक दिवस, यायला एक रात्र. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बिंदूला टिकवायचं होतं. एवढंच काम होतं माझ्याकडे.

आता तो वॉर्ड डोळ्यांसमोर आण. बारा खाटा, उंच छत. दुपारी बारा ते चार बत्ती गुल. बाहेर लूचं गरम वारं असं वाहायचं की दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसे. म्हणून सगळ्या खिडक्यांना वाळ्याचे जाड पडदे लावायचे आणि त्यांवर पाणी मारायचं. भर दुपारी आत तिन्हीसांज व्हायची. हिरवट काळोख, ओल्या वाळ्याचा तो गार, मातकट वास, आणि पडद्यांवरून जमिनीवर पडणारे थेंब... टप्... टप्. बाकी आवाज नाही. कण्हणारेसुद्धा त्या वेळी कण्हत नसत.

पहिल्या दुपारी मी बिंदूच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. पलीकडच्या टोकाला, बारा नंबरच्या खाटेपाशी, एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. उघडं अंग, धोतर, हातात काही नाही. ते त्या खाटेवरच्या माणसावर वाकले, जरा वेळ तसेच राहिले. मला वाटलं, वडील असतील. मी पट्टी पिळून वर बघितलं तेव्हा ते नव्हते. चारच्या सुमाराला बारा नंबर गेला. तो बलियाचा ट्रक ड्रायव्हर होता.

त्याचा भाऊ जाताना माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "दीदी, आपके बाबाजी को हमारा प्रणाम कहिएगा. आखिरी वक्त में वही पास थे."

"कौन बाबाजी? वो तो आपके साथ थे न?"

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि लक्ष ठेवून बसले. मी भित्री नव्हते गं, बँकेत कॅश काउंटरवर बसणारी बाई. पडद्यांवर पाणी मारून झालं, दार लागलं, काळोख झाला. दार पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही. पण ते सात नंबरपाशी होते. आमच्यापासून चौथी खाट. आणि मला त्यांचं धोतर दिसलं. गुडघ्यापर्यंत ओलं. बाहेरच्या त्या उन्हात पिळलेलं लुगडं पाच मिनिटांत कडक वाळत होतं, आणि यांच्या धोतरातून पाणी निथळत होतं. ते वाकले. सात नंबरचे गाझीपूरचे मास्तर डाव्या कुशीवर होते. त्यांच्या उजव्या कानापाशी म्हाताऱ्यांचे ओठ हलले. मास्तरांची छाती वर झाली... आणि खाली आली नाही.

मग ते सरळ झाले आणि त्यांनी बिंदूकडे पाहिलं. पत्ता विचारत आलेला माणूस दारावरची पाटी वाचतो ना, अगदी तसं.

त्या संध्याकाळी नरहरकाका आले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दशाश्वमेध घाटावर मराठी यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा करण्यात जन्म गेला त्यांचा. त्यांनी गंगाजलाचा थेंब बिंदूच्या ओठांवर टाकला, आणि मग हळूच, अगदी मायेने, त्याच्या कपाळावरची पट्टी उजव्या कानावरून वर सरकवली. केस मागे केले. कान उघडा केला.

ही रीत मला ठाऊक होती. पूर्वी देशावरून म्हातारी माणसं काशीत देह ठेवायला येत आणि आपल्या घरी उतरत. वैद्याने हात टेकले की घरातल्या वडीलधाऱ्याने भर दुपारी घाटावर जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्या माणसाचं नाव आणि गोत्र तीनदा नदीला सांगायचं. मग परत येऊन त्याला डाव्या कुशीवर वळवायचं, उजवा कान मोकळा करायचा आणि त्या बाजूला कुणी बसायचं नाही. काशीत मरणाऱ्याच्या उजव्या कानात विश्वनाथ स्वतः तारक मंत्र सांगतो, असं सगळी काशी मानते. त्याला वाट मोकळी हवी.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही घाटावर जाऊन आलात?"

ते माझ्याकडे बघेनात. "काल दुपारी. पोरी, मला कंपाउंडर म्हणाला, आता काही उपाय नाही. लोकांच्या माणसांसाठी जन्मभर करत आलो. आपल्या घरच्यासाठी नको करू?"

"नाव सांगितलंत?"

"नाव, गोत्र, सगळं. तीनदा."

"परत घ्या."

"सांगितलेलं नाव परत घेता येत नाही गं." आणि ते रडायला लागले. अक्षरशः लहान मुलासारखे. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि मी ओरडलेच. म्हटलं, "बत्तीस वर्षांचा आहे तो! त्याला मुक्ती नकोय, त्याला लंगडा आंबा हवाय. ज्याला मुक्तीची घाई असेल त्याने आधी जावं!" सिस्टर धावत आल्या. काका मान खाली घालून निघून गेले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांना जे सगळ्यांत चांगलं देता येत होतं, तेच त्यांनी बिंदूला देऊन टाकलं होतं. पण त्या दिवशी मला त्यांचा गळा धरावासा वाटला, हेही खरं आहे.

मी विचार केला, साधी गोष्ट आहे, बिंदूला उजव्या कुशीवर झोपवते. कान उशीत जाईल. पण त्याला जरा वळवलं तर तो असा किंचाळला की मी लगेच हात काढून घेतले. तेव्हा पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर चीर असायची, तिच्यातून रबरी नळी काढलेली, आणि आत ते सुजलेलं लिव्हर. उजव्या कुशीवर तो वळूच शकत नव्हता. डावी कूस, उघडा उजवा कान. सगळा आजारच जणू त्या म्हाताऱ्याच्या सोयीचा होता.

तिसरा दिवस उजाडला. सकाळची गाडी आली नाही. अकरा वाजता दवाखान्यात रेल्वेच्या फोनवरून निरोप आला, गाडी चुनारच्या अलीकडे अडकून पडलीय, प्रल्हादजवळ औषध आहे. विद्युल्लता नाडी धरून म्हणाली, "दुपारच्या आत मिळायला हवं." बिंदू आता बोलतही नव्हता. श्वास मोजता येत होते, इतके लांब लांब.

बारा वाजले. बत्ती गेली. पडद्यांवर पाणी पडलं.

मी स्टूल ओढून बिंदूच्या उजव्या बाजूला घेतलं आणि माझा उजवा हात त्याच्या कानावर घट्ट ठेवला. पंजा पूर्ण पसरून. त्याचा कान तव्यासारखा तापलेला होता. मी ठरवलं होतं, औषध येईपर्यंत हा हात इथून हलणार नाही.

एक वाजला असेल. थेंब पडत होते... टप्... टप्... आणि मग त्या आवाजात दुसरे थेंब मिसळले. ते जवळ येत होते. बारा नंबर. सात नंबर. वाळ्याचा वास एकदम दाट झाला, घशात बसेल इतका. मी वर पाहिलं नाही. मला फक्त धोतराची ओली किनार दिसत होती आणि फरशीवर साचत जाणारं पाणी.

"हात काढ, कालिंदे."

सुमेधा, ती मराठी आपल्या घरातली होती. बनारसची, हिंदी मुरलेली. आणि मला 'कालिंदे' म्हणणारे एकटे माझे आजोबा होते. ते जाऊन वीस वर्षं झाली होती. आजोबा नव्हते ते, एवढं मला नक्की कळलं. आवाज फक्त उसना घेतलेला होता, मला बरं वाटावं म्हणून. तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

"नाही काढत."

"बोलावलंत... म्हणून आलो."

"काकांनी बोलावलं. काकांना विचारून मी काही करत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी आहे. मी बोलावलेलं नाही."

मला वाटतं, असं उत्तर त्यांना कधी कुणी दिलं नसावं.

"नाव सांगितलं गेलंय. निरोप घेऊन आलोय. निरोप दिल्याशिवाय... परत जाता येत नाही."

"मग द्या ना. पण त्याच्या कानात नाही."

"कालिंदे... सगळे याच निरोपासाठी इथे येतात. हट्ट कसला करतेस?"

"ज्याला यायचंय त्याने यावं. आम्ही आलो नाही, आम्ही इथलेच आहोत. बिंदूला घरी बायको आहे, तिच्या पोटात लेकरू आहे. तुम्ही कुणीही असा. देव असाल तरी हात काढणार नाही!"

ते वाकले. मी डोळे मिटले. माझ्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांवर, काहीतरी टेकलं. श्वास नव्हता. ओल्या वाळ्यातून येतो ना, तो गारवा. आणि ते बोलायला लागले. माझ्या हातावर. शब्द ऐकू येत नव्हते, पण एकेक शब्द कातडीतून आत उतरताना कळत होता, आणि तळहातात येऊन थांबत होता. खाली बिंदूचा कान होता. शब्द तिथपर्यंत पोचू नयेत म्हणून मी हात असा आवळून धरला की माझी नखं त्याच्या गालात रुतली. त्याच्या गालावर ते चार बारीक व्रण आहेत ना? दाढी करताना कापलं म्हणतो तो. ती माझी नखं आहेत.

किती वेळ चाललं, माहीत नाही. दार आपटलं. उजेडाचा एक पट्टा आत आला आणि प्रल्हाद ओरडला, "ताई!"

गाडी एकदाची मुगलसरायला लागली, पण राजघाटाच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, म्हणून तो कुणाच्या तरी स्कूटरवर बसून रामनगरला आला आणि पिपांच्या तरत्या पुलावरून नदी ओलांडून पोचला. तोंड धुळीने पांढरं, हातात रुमालात बांधलेल्या बाटल्या. विद्युल्लता त्याच्या मागून धावत आली. तिने औषध सलाईनमध्ये सोडलं आणि म्हणाली, "ताई, बाजूला व्हा आता."

माझा हात निघेना. बोटं ताठ झाली होती. दोघांनी मिळून एकेक बोट सोडवलं. मी लगेच मूठ मिटली. खाटेशी पाण्याचं थारोळं होतं. सिस्टर मलाच बोलल्या, पाणी सांडवलंत म्हणून.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी बिंदूने विचारलं, "ताई, लंगडा आला का बाजारात?" मी तिथेच बसून हमसून हमसून रडले. नंतर विद्युल्लताने कुठल्याशा तपासणीसाठी रक्त बाहेर पाठवलं, तिचा अंदाज बरोबर निघाला. असा रोगी वाचलेला ती पहिल्यांदाच पाहत होती. श्रेय तिच्या औषधाचंच आहे, माझं त्यात काही नाही. मी फक्त दुपार थोपवून धरली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण काकांनी माझी मिटलेली मूठ पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, "तो हात कुणाच्या कानाला लावू नकोस. बिंदूच्या तर नाहीच नाही."

मला ते आधीच कळलं होतं. त्याच महिन्यात वेणी घालताना उजवा हात चुकून माझ्याच कानावरून गेला. शंख कानाला लावल्यावर कसा घुमतो, तसं झालं, आणि आत कुणीतरी सावकाश, स्पष्ट म्हणालं, "बिंदुमाधव..." पुढचं गोत्र यायच्या आत मी हात झटकला. निरोप माझ्यासाठी नाहीच. तो त्याचाच आहे, त्याच्या नावाचा, जसाच्या तसा पडून आहे. मी तो पोचवलेला नाही. चौतीस वर्षं. त्या चौतीस वर्षांत तुझ्या बाबांनी तुला खांद्यावर घेऊन घाट दाखवले, तुझं लग्न लावलं, आणि दरवर्षी जूनमध्ये माझ्या वाट्याचे आंबे हाणले. मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण आता मी पंचाहत्तरीची झाले. मागच्या आठवड्यात तुझे बाबा इथेच बसले होते, तू बसलीस तिथे. चहा पिता पिता म्हणाले, "ताई, तुझ्याकडे माझं काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं गं." मी म्हटलं, "काही राहिलेलं नाही, चहा पी." तर हसत हसत त्यांनी माझा उजवा हात धरला आणि लाडाने गालाशी न्यायला लागले. मी असा हिसडा मारला की कप फुटला. रुसून गेले ते.

म्हणून तुला सांगते. मी गेले की आधी माझी ही मूठ बांध. घट्ट, सुती कापडाने. तुझ्या बाबांना माझ्या उजव्या बाजूला उभं राहू देऊ नकोस. खांदा द्यायचा तर डावीकडून देऊ देत. कुणी शास्त्र सांगायला लागलं तर म्हणावं, आत्याची सही आहे.

आणि आज ते न्यायला आले की त्यांना खालीच थांबव. जिना चढून वर येऊ देऊ नकोस. का विचारतेस? मघाशी तू म्हणालीस ना, आत कोण बोलतंय, आणि मी म्हटलं शेजारचा टीव्ही. अगं, अख्ख्या गल्लीत बत्ती नाही. टीव्ही लागेल कुठून? आत कुणी नाही, कंदील घ्यायला मी गेले तेव्हा मूठ सैल पडली होती. हल्ली हात कानाला लावावा लागत नाही, एवढंच. मी मूठ आवळली की आवाज बंद होतो.

अजून तरी होतो. थांब... जिन्यावर पावलं वाजली का?